तुजिया लोक मूळचे कुठले?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही उत्तराचा उपयोग होईल. तुम्ही चीनमधल्या झांगज्याज्येच्या सहलीला गेलात. तिथल्या गाईडने सांगितलं, की इथले तुजिया लोक म्हणजे प्राचीन ‘बा’ राज्याचे थेट वंशज, हजारो वर्षांचा वारसा. दुसऱ्या दिवशी फूरोंग गावात दुसऱ्या गाईडने सांगितलं, की यांचे राजे अकराशे वर्षांपूर्वी च्यांगशी प्रांतातून आले. घरी येऊन वाचायला बसलात तर कळलं, की १९५७ सालापर्यंत सरकारदरबारी ‘तुजिया’ असा समाजच नव्हता. यातलं खरं काय, आणि हे लोक मुळात आले कुठून, असं तुम्ही विचारलंय.

मी गेली सव्वीस वर्षं चिनी भाषा शिकवते आणि भाषांतरं करते. नैर्ऋत्य चीनमधल्या डोंगरी लोकांविषयीचे कागद या काळात भरपूर हाताखालून गेले, आणि शियांगशी भागात, म्हणजे हुनान प्रांताच्या पश्चिम टोकाला, दोनदा मुक्कामही झाला. तुम्हाला खोटं कुणीच सांगितलेलं नाही. फक्त तिन्ही ठिकाणी वेगवेगळ्या गोष्टीबद्दल बोललं जात होतं. पहिला गाईड पूर्वजांच्या एका शाखेबद्दल बोलत होता, दुसरा राजघराण्याबद्दल, आणि तुम्ही वाचलंत ती सरकारी नोंद. लोक म्हणून तुजिया कुठूनही ‘आले’ नाहीत. ज्या डोंगरांत ते आज राहतात त्याच डोंगरांत, आधीपासून तिथे असलेल्या आणि वेळोवेळी येऊन मिसळलेल्या माणसांतून ते घडले. आज बहुतेक अभ्यासकही याच बाजूला झुकतात.

नावापासून सुरुवात करू, कारण अर्धं उत्तर त्यातच आहे. आपण ‘तुजिया’ लिहितो, पण चिनी उच्चार ‘थू-च्या’च्या जवळ जातो. ‘थू’ म्हणजे माती, ‘च्या’ म्हणजे घर. मातीतले, इथल्याच मातीत घर असलेले लोक. आता विचार करा, आपण इथलेच आहोत हे सांगायची वेळ कधी येते? बाहेरचे लोक दाराशी येतात तेव्हा. अठराव्या शतकात या डोंगरांत हान, म्हणजे चीनमधल्या बहुसंख्य समाजाचे, शेतकरी आणि व्यापारी लोंढ्याने आले. त्यांना ‘ख-च्या’, म्हणजे पाहुण्या घरचे, म्हणू लागले. शेजारच्या म्याओ लोकांना ‘म्याओ-च्या’. आणि या दोघांपासून वेगळे ओळखायचे म्हणून जुन्या रहिवाशांना ‘थू-च्या’. (क्वांगतुंगमधले हक्का लोकही ‘ख-च्या’च, अक्षरंही तीच, पण ते वेगळे, त्यांचा इथे संबंध नाही.) म्हणजे हे नाव बरंच अलीकडचं आणि शेजाऱ्यांशी तुलना करून पडलेलं. त्याआधीच्या कागदांत ‘थू’ हे अक्षर येतं, पण ‘इथले शिपाई’, ‘इथले लोक’ अशा साध्या अर्थाने.

ज्यांना अजून स्वतःची भाषा येते ते मात्र स्वतःला ‘बिझिका’ म्हणतात. हान माणूस त्यांच्या तोंडी ‘पाखा’. हे नाव चिनी नाही, सरकारने दिलेलं नाही आणि शेजाऱ्यांनीही दिलेलं नाही. पुढे १९५०च्या दशकात जो निर्णय झाला त्यात या एका शब्दाचं वजन फार होतं.

नकाशा डोळ्यांपुढे असू द्या. हुनान, हुबेई, छोंगछिंग आणि गुइझोउ हे चार प्रांत जिथे एकमेकांना भिडतात तिथे वूलिंग पर्वताच्या रांगा आहेत. उत्तरेला छिंगच्यांग नदी यांगत्सेला मिळते, दक्षिणेला यौश्वेई नदी युआन नदीला मिळते. या दोन नद्यांची खोरी आणि मधले डोंगर म्हणजे तुजियांचा मुलूख. २०२० च्या जनगणनेत त्यांची संख्या सुमारे ९६ लाख भरली.

आता तुमचा पहिला गाईड, म्हणजे बा राज्य.

पाचव्या शतकात लिहिल्या गेलेल्या ‘होउ हान शू’ या इतिहासात बा लोकांच्या उगमाची कथा आहे, आणि ती मला फार आवडते. वूलुओ-झोंगली नावाच्या डोंगरात दोन गुहा होत्या, एक तांबडी आणि एक काळी. तांबड्या गुहेतून बा कुळ निघालं आणि काळ्या गुहेतून चार कुळं: फान, शेन, शियांग आणि झेंग. त्यांना राजा नव्हता. मग ठरलं की गुहेच्या कातळावर तलवार फेकायची, ज्याची लागेल तो पुढारी. बा कुळातल्या वूशियांग नावाच्या तरुणाची तेवढी लागली. मग मातीच्या होड्या करून पाण्यात सोडल्या. बाकीच्यांच्या विरघळून बुडाल्या, त्याची तरंगली. तो ‘लिनजुन’ झाला, म्हणजे कोठाराचा स्वामी.

लिनजुन मातीच्या होडीतून यी नदीवर निघाला. यी म्हणजेच आजची छिंगच्यांग. वाटेत यानयांग नावाच्या ठिकाणी मिठाची देवी भेटली. ती म्हणाली, हा प्रदेश ऐसपैस आहे, इथे मासे आहेत, मीठ आहे, इथेच माझ्याबरोबर राहा. तो नाही म्हणाला. ती रोज रात्री त्याच्याजवळ येई आणि पहाटे कीटक होऊन उडून जाई. बाकीच्या किड्यांचे थवे घेऊन सूर्य झाकून टाकी. दहाहून अधिक दिवस दिशा कळेनात. शेवटी त्याने नेम धरून तिला बाण मारला, आणि आकाश मोकळं झालं. तो मेल्यावर त्याचा आत्मा पांढरा वाघ झाला, असं म्हणतात.

ही नुसती परीकथा म्हणून सोडून देऊ नका. यांगत्सेच्या दऱ्यांमध्ये आणि आसपासच्या डोंगरांत खरोखरच खारट पाण्याचे झरे आहेत, आणि त्यांतून मीठ काढण्याचा धंदा फार जुना. समुद्र दूर असलेल्या प्रदेशात मीठ ज्याच्या हाती, सत्ता त्याची. देवीला मारून पुढे गेलेल्या राजाच्या कथेत मला मिठाच्या जुन्या मालकांशी झालेल्या झगड्याचा वास येतो. सिद्ध करता येणार नाही, पण एवढं खरं की कथेतली नदी आजही तुजियांच्याच मुलखातून वाहते, आणि हुबेईतल्या छांगयांगजवळचा एक डोंगर हाच वूलुओ-झोंगली म्हणून दाखवतात.

बा हे राज्य इसवी सन पूर्व ३१६ मध्ये छिन राज्याने जिंकलं. त्यानंतर बा लोकांचं काय झालं? इथे पान ग्वांगदान या समाजशास्त्रज्ञाचं नाव घ्यावं लागतं. १९५५ मध्ये त्यांनी एक दीर्घ निबंध लिहिला आणि वायव्य हुनानमधले ‘तुजिया’ हे त्या प्राचीन बा लोकांचे वंशज आहेत असा दावा मांडला. त्यांचा एक पुरावा तर मी विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगते. तुजिया भाषेत वाघाला ‘ली’ म्हणतात. आणि दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका चिनी बोलीकोशात नोंद आहे, की दक्षिणेकडे काही भागांत वाघाला ‘ली-फू’ किंवा ‘ली-अर’ म्हणतात. चिनी लोकांना या ‘ली’चा अर्थ लागत नव्हता, तरी कोशकाराने ऐकलं तसं लिहून ठेवलं. हुनानच्या डोंगरात तोच शब्द विसाव्या शतकात जिवंत सापडला.

दुसरा पुरावा आडनावांचा. कथेतलं ‘शियांग’ कुळ आणि आजचं तुजियांचं मोठं आडनाव ‘शियांग’, अक्षर वेगळं पण ध्वनी तोच. ‘शेन’ कुळाचं अक्षर आणि आजचं ‘तान’ हे आडनाव यांतही तसंच नातं दाखवलं जातं. तिसरा पुरावा काशाचा. पिंपासारखं उभट, वर पकडायला वाघाच्या आकाराची कडी असलेलं ‘चुनयू’ नावाचं रणवाद्य बा लोकांची खूण मानलं जातं, आणि ही वाद्यं वूलिंगच्या डोंगरांत मोठ्या संख्येने सापडली आहेत.

एवढं असूनही मी ‘थेट वंशज’ म्हणायला तयार नाही. अडचण वाघाचीच आहे. उत्तरेकडे, छिंगच्यांगच्या खोऱ्यात, पांढरा वाघ म्हणजे कुळाचा पूर्वज, घराची राखण करणारा. पण दक्षिणेला यौश्वेईच्या खोऱ्यात पांढरा वाघ अंगणातून गेला की लहान मुलाला आकडी येते असा समज, आणि त्याला हाकलून लावायचा विधी करायला ‘तीमा’ला, म्हणजे तिथल्या भगताला, बोलावतात. एकच समाज एका खोऱ्यात वाघाला पुजतो आणि दुसऱ्या खोऱ्यात पिटाळतो. तिथले लोक याचा मेळ घालायला सांगतात, की वाघ दोन आहेत, एक घरात बसलेला आणि एक घरावरून जाणारा.

गंमत म्हणजे ‘होउ हान शू’मध्येही असे दोन गट आहेत. लिनजुनची माणसं वाघाला मानतात. आणि त्याच बा प्रदेशातले ‘बानशुन’ लोक वाघ मारतात. छिनच्या राजाच्या काळात एका पांढऱ्या वाघाने हजारावर माणसं मारली, तेव्हा बानशुनांनी बांबूचं धनुष्य करून त्याला टिपलं. राजाने खूश होऊन त्यांच्याशी दगडावर करार कोरला: छिनच्या माणसाने आगळीक केली तर पिवळ्या ड्रॅगनची जोडी द्यायची, बानशुनांनी केली तर एक माप निवळ दारू. मग आजचे वाघाला पुजणारे एका पूर्वजाचे आणि हाकलणारे दुसऱ्याचे, असं असू शकेल का? काही अभ्यासक तसं म्हणतात, आणि मला ते पटतं. निदान एवढं तरी उघड आहे, की ‘बा’ हा एक धागा आहे, अख्खं कापड नाही.

भाषाही तेच सांगते. तुजिया भाषा तिबेटो-बर्मी कुळातली, म्हणजे लांबून तिबेटी आणि बर्मी भाषांची नातेवाईक. पण त्या कुळात ती नेमकी कुठे बसते यावर अजून एकमत नाही. सुरुवातीला ती नैर्ऋत्येकडच्या यी भाषेच्या जवळची वाटली, आणि त्यावरून तुजिया हे थांग काळात, म्हणजे सातव्या ते दहाव्या शतकात, गुइझोउकडून आलेले ‘वूमान’ लोक असावेत असाही तर्क मांडला गेला. तो आता फारसा टिकलेला नाही. भाषा अशी एकटी पडलेली असते तेव्हा ती बोलणारे आपल्या भाऊबंदांपासून फार जुन्या काळी सुटे झालेले असतात, असं मी मानते. आज ती येणारे किती? विसाव्या शतकाच्या अखेरीस अंदाजे ७० हजार. ९६ लाखांपैकी बाकीचे जवळजवळ सगळे चिनीच बोलतात.

पण भाषा गेली तरी ती नदीनाल्यांच्या नावांत राहते. लुंगशान तालुक्यात एक बाजाराचं गाव आहे, शीचे. पाटीवरची चिनी अक्षरं वाचली तर अर्थ निघतो ‘गाडी धुणे’. पहिल्यांदा मी बसमधून ती पाटी वाचली आणि रस्त्याकडेला गाड्या धुवायची जागा शोधू लागले. शेजारच्या आजींनी मला समजावलं, की ‘चे’ म्हणजे आमच्या भाषेत पाणी, नदी. शीचे म्हणजे गवताची नदी. चिनी कारकुनाने ऐकलेला ध्वनी हाताशी आलेल्या अक्षरांत लिहिला, एवढंच. त्या खोऱ्यात अशी ‘चे’वाली नावं आणखीही आहेत. ही नावं ठेवणारे लोक पाहुणे नव्हते.

मधल्या काळाबद्दल भरभर सांगते. चिनी दरबारी लिहिणारे या डोंगरांतल्या सगळ्यांना ‘वूलिंगचे मान’ किंवा ‘पाच ओढ्यांचे मान’ म्हणत. ‘मान’ म्हणजे दक्षिणेकडचे रानटी. यात आजच्या तुजियांचे पूर्वज होते, म्याओंचेही होते, आणखीही कोण कोण होते. इसवी सन ४९ मध्ये हान साम्राज्याचा नामांकित सेनापती मा युआन, साठी उलटलेली असताना, यांच्यावर चालून गेला आणि रोगराईने छावणीतच मेला. त्याच्याही आधी, छिन काळात, यौश्वेईच्या काठी लीये इथे सरकारी ठाणं होतं. २००२ मध्ये तिथल्या एका जुन्या विहिरीत ३६ हजारांहून अधिक लाकडी-बांबूच्या पट्ट्या सापडल्या: टपालाच्या नोंदी, कैद्यांचे हिशेब, अगदी पाढेसुद्धा. म्हणजे हा मुलूख जगापासून तुटलेला कधीच नव्हता.

आता तुमचा दुसरा गाईड. इथे गोष्ट रंगते.

थांग साम्राज्य कोसळल्यावर, दहाव्या शतकाच्या सुरुवातीला, यौश्वेईच्या खोऱ्यात फंग घराणं सत्तेवर आलं. त्यांच्या वंशावळीत लिहिलंय की ते च्यांगशीतल्या जीझोउचे, आणि ९१० च्या सुमारास इकडे आले. लोककथेत मात्र त्यांनी वू झुछुंग नावाच्या जुन्या स्थानिक सरदाराला हरवून जमीन घेतली, आणि मग त्याच्या भुताच्या भीतीने त्याचीही पूजा सुरू केली. काही इतिहासकारांच्या मते फंग हे मुळात इथलेच सरदार होते. च्यांगशीचं मूळ त्यांनी नंतर प्रतिष्ठेसाठी जोडलं. हुनानमधल्या असंख्य घराण्यांच्या वंशावळी च्यांगशीलाच जातात, त्यामुळे वंशावळीतला हा एक दाखला मी एकटा धरून चालत नाही. पण ते बाहेरून आले असतील असं मानलं, तरी आला तो एक राजा आणि त्याची काही माणसं. प्रजा आधीच तिथे होती.

९३९ मध्ये फंग शीचौ याची छू राज्याचा राजा मा शीफान याच्याशी लढाई झाली. फंग हरला, पण पुरता मोडला नाही, आणि ९४० मध्ये तह झाला. तो तह काशाच्या ओतीव स्तंभावर कोरला आहे: आठ पैलूंचा, चार मीटर उंच, अडीच हजार किलो वजनाचा, दोन हजारांहून अधिक अक्षरांचा. मा शीफान स्वतःला त्या जुन्या सेनापती मा युआनचा वंशज म्हणवत असे. मा युआननेही दक्षिणेत असे स्तंभ उभारले होते अशी ख्याती होती, म्हणून हा थाट. अटी वाचल्या की हरलेल्याची ताकद कळते. इथला शेतसारा इथेच राहील, इथल्या शिपायांना बाहेरच्या लढाईत ओढणार नाही. बदल्यात फंगांनी सरहद्दीवर लूटमार करायची नाही. खाली सरदारांची नावं आहेत: फंग, थ्येन, शियांग, तान, गोंग. आज फूरोंग गावात दुकानांच्या पाट्या बघाल तर हीच आडनावं. तुम्ही त्या गावात होतात तेव्हा धबधब्याच्या गर्दीत हा स्तंभ बघायचा राहिला असेल, तर मला खरंच हळहळ वाटेल. या लोकांचा जन्मदाखला म्हणून एकच वस्तू निवडायची झाली, तर मी हीच निवडेन.

कारण पुढची आठशे वर्षं हा करारच चालला. युआन, मिंग आणि छिंग राजवटींनी फंगांसारख्या सरदारांना सनदा देऊन ‘तुसी’ नेमलं. आपल्या शब्दांत सांगायचं तर वंशपरंपरागत वतनदार: आपल्या हद्दीत राजा, बादशहापुढे चाकर. सम्राटाला ठरलेली भेट पाठवायची, लढाईला माणसं द्यायची, बाकी कारभार स्वतःचा. युंगशुनमधलं लाओस-छेंग हे फंगांचं राजधानीचं गाव, हुबेईतलं थांगया हे तान घराण्याचं, आणि गुइझोउतला हायलोंगतुन किल्ला (तो तुजियांचा नव्हे, बोझोउच्या यांगांचा), या तिघांना २०१५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलं. लाओस-छेंगमध्ये ओढ्यातल्या गोट्यांनी बांधलेली वाट अजून आहे. मी तिच्यावरून पावसात चालले आहे, पाय घसरत नाही. उत्तरेला रोंगमेईचे थ्येन वतनदार तर पिढ्यान् पिढ्या चिनी कविता करत. १७०४ मध्ये एक हान साहित्यिक त्यांच्याकडे पाहुणा म्हणून राहिला आणि दरबारातली नाटकं पाहून त्याने सविस्तर लिहून ठेवलं. डोंगरी म्हणजे अडाणी, हा समज तिथेच मोडतो.

या आठशे वर्षांत प्रजा एक झाली असं मला वाटतं. बाहेरच्यांनी डोंगरात यायचं नाही, डोंगरातल्यांनी बाहेर जायचं नाही, असा शिरस्ता होता. एकाच छत्राखाली, एकाच सणावारात, एकाच लढाईला जाणारी माणसं. लढाईचं उदाहरण सांगते. १५५५ मध्ये पूर्व किनाऱ्यावर ‘वोखौ’ चाच्यांनी धुमाकूळ घातला तेव्हा मिंग दरबाराने युंगशुनचा फंग यीनान आणि बाओजिंगचा फंग जिनछेन यांना बोलावलं. वांगच्यांगजिंगच्या लढाईत १९०० हून अधिक चाचे मारले गेले. तुजिया लोक आजही चिनी नववर्ष एक दिवस आधी साजरं करतात. का, तर शिपायांना वेळेत किनाऱ्यावर पोचायचं होतं, म्हणून आयांनी आदल्या दिवशीच सण उरकला. मांस बारीक चिरायलाही वेळ नव्हता, म्हणून सणाचे तुकडे आजही मोठे. प्रथेमागे याच लढाईची आठवण आहे की आणखी जुनं काही, यावर वाद आहेत. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की चार प्रांतांत पसरलेले लोक ही एकच गोष्ट सांगतात.

वतनदारी म्हणजे सुखाचं राज्य नव्हतं, हेही सांगायला हवं. रयतेला घोडा घ्यायची मुभा, पण घरावर कौलं घालायची बंदी. कौलं फक्त सरदाराच्या वाड्यावर. त्यामुळे छिंग बादशहाने १७२० आणि ३० च्या दशकांत ही वतनं खालसा करायला घेतली, तेव्हा फार कुणी आडवं आलं नाही. युंगशुनचा शेवटचा तुसी फंग झाओह्वाय याने १७२८ च्या सुमारास स्वतःहून सत्ता सोडली आणि ‘पूर्वजांच्या’ च्यांगशीत राहायला गेला. रोंगमेईच्या थ्येन मिंगरूने मात्र १७३३ मध्ये गळफास घेतला.

खालसा झाल्यावर सरकारी अधिकारी आले, आणि त्यांनी लगोलग हुकूम काढले. बायका-पुरुष सारखाच पेहराव करतात, तो वेगळा करा. आत्याची मुलगी मामाच्या मुलालाच द्यायची ही चाल बंद करा. (आपल्याकडे मुलगा मामाच्या मुलीवर हक्क सांगतो, तिथे नेमकं उलट, मुलगी आईच्या माहेरी परत जायची.) पाठोपाठ हान वसाहतकरी आले, शाळा आल्या, परीक्षा आल्या. दोनशे वर्षांत पेहराव गेला, बहुतेक खोऱ्यांतून भाषा गेली. १९४९ साली बाहेरून बघणाऱ्याला हे लोक हान शेतकऱ्यांसारखेच दिसत. नवं सरकार आलं तेव्हा या भागात ‘अल्पसंख्य’ म्हणून म्याओंचीच गणना झाली, आणि १९५२ मध्ये शियांगशीत स्वायत्त प्रदेश झाला तोही म्याओंच्याच नावाने.

मग १९५७ पर्यंत काय घडलं? १९५० मध्ये राष्ट्रीय दिनासाठी बेजिंगला गेलेल्या प्रतिनिधींमध्ये युंगशुनची त्यान शिनथाओ ही तरुण शिक्षिका होती. तिला म्याओ म्हणून नेलं होतं. ती तिथे म्हणाली, मी म्याओ नाही. आमची भाषा वेगळी, चाली वेगळ्या, आम्ही तुजिया. आणि तिने बोलून दाखवलं. भाषातज्ज्ञांनी तिच्या तोंडून शब्द लिहून घेतले, आणि ही चिनीची बोली नाही, म्याओही नाही, हे तिथल्या तिथे लक्षात आलं. पुढे अभ्यासाचं काम पान ग्वांगदान यांच्याकडे आलं. विद्यार्थिदशेत खेळताना झालेल्या दुखापतीमुळे त्यांचा एक पाय गेलेला. १९५६ मध्ये हा माणूस कुबड्या घेऊन शियांगशीचे आणि हुबेईचे डोंगर चढला, गावोगाव लोकांना विचारत. तो मुलूख मी धडधाकट पायांनी फिरले आहे, त्यामुळे त्यांच्याबद्दल लिहिताना आजही गळा दाटतो. प्रांतिक पातळीवर खळखळ झाली, पण ३ जानेवारी १९५७ ला मान्यता मिळाली आणि सप्टेंबरात शियांगशी तुजिया-म्याओ स्वायत्त विभाग स्थापन झाला. त्याच वर्षी पान यांच्यावर ‘उजवे’, म्हणजे साम्यवादी सत्तेचे विरोधक, असल्याचा शिक्का मारला गेला. मूळचे तुजिया असलेले इतिहासकार शियांग दा यांच्यावरही तोच.

आता एक शंका तुम्हाला येईल, कारण ती मला दर वर्गात विचारली जाते. १९६४ च्या जनगणनेत तुजिया सुमारे सव्वापाच लाख, १९८२ मध्ये २८ लाख, १९९० मध्ये ५७ लाख. अशी कुठे लोकसंख्या वाढते? मग हे लोक सरकारी कागदाने बनवले की काय? नाही. हा आकडा मुख्यतः जन्मांनी वाढलेला नाही. सुरुवातीला मान्यता मुख्यतः हुनानमधल्या, भाषा येणाऱ्यांपुरतीच पोचली होती. हुबेई, गुइझोउ आणि तेव्हाच्या सिचुआनमधल्या लोकांची नोंद हान म्हणून होती. १९८०च्या दशकात धोरण सैल झालं, १९८३ मध्ये हुबेईतल्या एन्शी भागालाही तुजिया-म्याओ स्वायत्त विभाग मिळाला, आणि लाखो कुटुंबांनी आपली नोंद बदलून घेतली. नोंदीबरोबर शिक्षणात आणि मुलांच्या संख्येच्या नियमांत सवलती येत होत्या, हे खरं. काहींनी तेवढ्यासाठी नाव लावलं असेल, तेही खरं. पण छिंगच्यांगच्या खोऱ्यात कुणी वृद्ध वारलं की रात्रभर ढोलाच्या तालावर नाचत त्याला निरोप देतात. यौश्वेईकाठी सणाला पेंढ्याने अंग झाकून, गवताच्या वेण्या घालून, चिरक्या आवाजात शिकारीचे आणि पेरणीचे सोंग आणतात, त्याला माओगुसी म्हणतात. हे सवलतीसाठी उभं करता येत नाही. कागदाने नाव दिलं, माणसं आधीच होती.

तुम्ही आणलेल्या कापडाबद्दलही विचारलंय. ते शिलान-कापू, ‘शिलान’ म्हणजे पांघरूण, ‘कापू’ म्हणजे फूल. लुंगशानमध्ये मी एका आजींच्या मागाशी अर्धा दिवस बसले होते. मागाचं एक टोक त्यांच्या कमरेला बांधलेलं, म्हणजे ताण्याचा ताण त्या पाठीने धरत होत्या. मला वरून दिसत होते नुसते दोऱ्यांचे तुटके शेव, गुंता वाटावा असे. नक्षी कुठे आहे म्हणून विचारलं तर त्यांनी कापडाची कड उचलून खालची बाजू दाखवली. हे कापड उलट्या बाजूने विणतात. सुलट बाजू विणणारीला दिसतच नाही, ती दोरे मोजून विणते. तुमचा तुकडा उलटून बघा. मागे रंग बदलतो तिथे तिथे दोऱ्याचे शेव असतील, तर हाताने विणलेला आहे. मधोमध आकड्यांच्या रांगा एकात एक असतील, तर त्या मोजा. अठ्ठेचाळीस भरले तर ती त्यांची सगळ्यात मानाची नक्षी आहे.